नागपुराहून समुद्रकाठच्या फ्लाय फिशिंगची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरकराला कोणताही समुद्रकिनारा गाठायचा म्हटले की निदान एक रात्र प्रवासात जाते. त्यामुळे किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला जे "आज नाही तर उद्या" म्हणून चालते, ते आपल्याला चालत नाही. चार दिवसांची रजा चुकीच्या तिथीला काढली तर पुढची संधी थेट सहा महिन्यांनी येते. उष्ण पाण्याच्या किनाऱ्यावर, बोट न घेता, फ्लाय रॉडने मासेमारी करू इच्छिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

फ्लाय फिशिंग आणि नेहमीचे गरवणे यांत फरक काय?

नेहमीच्या गळाला शिसे किंवा जड आमिष असते आणि त्या वजनामुळे दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये पिसे, केस आणि चकचकीत धागे गळावर बांधून केलेली फ्लाय जवळजवळ वजनहीन असते. वजन असते ते जाड, लेप दिलेल्या लाईनमध्ये, आणि रॉडने ती लाईन मागे-पुढे हवेत उलगडून फ्लाय पुढे पोहोचवली जाते. रॉडवर लिहिलेला क्रमांक हा याच लाईनच्या वजनाचा असतो. आठ क्रमांकाच्या प्रमाणित लाईनचे पहिले 30 फूट सुमारे 13.6 ग्रॅम भरतात, बारा क्रमांकाचे सुमारे 24.6 ग्रॅम. समुद्रासाठी उत्पादक बहुधा याहून थोड्या जड लाईन बनवतात.

बोट न घेता, नुसत्या किनाऱ्यावरून खरोखर काही मिळते का?

मिळते, पण जागा निवडावी लागते. सरळसोट लांब पुळणीवर उभे राहून समोरच्या अथांग पाण्यात लाईन टाकत राहण्यात फारसा अर्थ नाही. मासा जिथे किनाऱ्याजवळ येण्यास काही कारण असते तिथे उभे राहावे: खाडीचे मुख, वाळूच्या दांड्याला पडलेली खाच, कातळ आणि वाळू यांची सीमा, कांदळवनातून पाणी बाहेर पडण्याची वाट, किंवा प्रवाळबेटांवर भरतीच्या वेळी गुडघाभर पाण्याखाली जाणारा उथळ सपाट भाग. फ्लाय रॉडने साधारण माणूस 15 ते 20 मीटर लाईन नीट टाकू शकतो. ही मर्यादा जाचक वाटते. प्रत्यक्षात उथळ पाण्यात चरायला येणारा मासा बहुधा याच अंतरात असतो, आणि पुष्कळदा आपण कंबरभर पाण्यात शिरून त्याला ओलांडून पुढे गेलेले असतो. म्हणून पाण्यात पाय घालण्यापूर्वी पहिली काही लाईन काठावरूनच, घोटाभर पाण्यात टाकावी.

सहलीची तारीख कशी ठरवावी?

या संपूर्ण पानातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. बहुतेक जण आधी रॉड घेतात, मग हॉटेल पाहतात, मग सुट्टी ज्या आठवड्यात मिळेल त्या आठवड्यात निघतात. क्रम उलटा हवा: आधी भरती-ओहोटी, मग प्रकाश, मग रजा, आणि खरेदी सगळ्यांत शेवटी.

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला एक ठोकताळा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून नागपुरात बसूनही वापरता येतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास भरती पूर्ण होते. शुक्ल असो वा कृष्ण, पक्षाची मोजणी प्रतिपदेपासून नव्याने करावी. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती, आणि त्यांच्या मध्ये सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, तर बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास आणि ओहोटी उजाडताना. हा हिशेब ढोबळ आहे, त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, आणि तो कोकण किनाऱ्यापुरताच आहे. अंदमान, लक्षद्वीप किंवा मालदीवला तो लावू नये, तेथील छापील किंवा ॲपवरील कोष्टकच पाहावे. मात्र रजेचा अर्ज कोणत्या आठवड्याचा द्यायचा हे ठरवायला तो पुरेसा आहे.

आता याला प्रकाशाची जोड द्यावी. पाण्यातला मासा डोळ्यांनी पाहून त्याच्यासमोर फ्लाय टाकायची असेल तर सूर्य वर हवा, म्हणजे साधारण सकाळी नऊ ते दुपारी तीन. उथळ पाण्यावर चढती भरती बहुतेक ठिकाणी उतरत्या ओहोटीपेक्षा चांगली, कारण नव्याने बुडणाऱ्या वाळूवर खेकडे-कोळंबी शोधत मासे पाण्याच्या कडेबरोबर आत येतात. या दोन्ही अटी एकत्र केल्या की कोकणासाठी तृतीया ते पंचमी हे दिवस आपोआप पुढे येतात: ओहोटी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान, आणि तिथून दुपारपर्यंत चढते पाणी. शिवाय उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो, त्यामुळे पाण्याला ओढही चांगली असते. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असताना, पाणी कमी हलते आणि मासेही आळसावतात. कृष्ण पक्षातली चतुर्थी म्हणजे संकष्टी. ज्यांच्या घरी त्या दिवशी मासे वर्ज्य असतात त्यांना पकडलेला मासा सोडून देणे सोपे जाते, हा एक वेगळाच फायदा.

खाडीच्या मुखाशी जिताडा किंवा तांबोशी यांच्या मागे जायचे असेल तर हिशेब बदलतो. तेथे उतरत्या पाण्याबरोबर कांदळवनातून बाहेर फेकली जाणारी लहान मासळी आणि कोळंबी यांवर हे मासे टपून असतात, आणि त्यांना कमी प्रकाश आवडतो. त्यासाठी पहाटे भरती पूर्ण होऊन सकाळी पाणी उतरेल अशी तिथी, म्हणजे षष्ठी ते अष्टमी, अधिक सोयीची. उधाणाची ओढ नसणे येथे फारसे आड येत नाही, कारण अरुंद खाडीत थोडे पाणीही वेगाने वाहते.

पाणी सर्वांत वेगाने केव्हा हलते?

ओहोटीपासून भरतीपर्यंत ढोबळमानाने सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकेच पाणी चढते, दुसऱ्यात एक षष्ठांश, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी एक चतुर्थांश, आणि मग पुन्हा उलट क्रमाने वेग कमी होतो. मालवणच्या आसपास उधाणाला भरती-ओहोटीतील फरक साधारण 2 मीटर असतो. म्हणजे मधल्या दोन तासांत पाणी जवळजवळ 1 मीटर चढते. मुंबईकडे हाच फरक 4 मीटरच्या वर जातो, तर मालदीवमध्ये तो 1 मीटरच्या आसपासच राहतो. मासे मिळण्याची शक्यता याच मधल्या तासांत जास्त आणि अडकण्याची शक्यताही याच तासांत जास्त, हे लक्षात ठेवावे.

कोणते महिने योग्य?

कोकणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातही पावसाळ्याचा गाळ खाली बसल्यानंतर. मार्च ते मे मध्ये मासे असतात, पण दुपारचा वारा जोरदार असतो. जून ते सप्टेंबर विसरून जावे. 1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, आणि ती बंदी काठावरच्या माणसाला लागू नसली तरी त्या दिवसांतला समुद्र काठावर उभे राहण्याच्या लायकीचा नसतो. अंदमानसाठी जानेवारी ते एप्रिल, मालदीव आणि लक्षद्वीपसाठी डिसेंबर ते एप्रिल, सेशेल्ससाठी ऑक्टोबर ते एप्रिल.

कोठे जावे?

पहिल्या सहलीसाठी माझा कौल निःसंशय सिंधुदुर्गाला. देवबाग येथे कर्ली खाडी समुद्राला मिळते आणि एका चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्याच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र असतो. वारा कसाही असला तरी एक बाजू वापरता येते. मात्र नऊ-दहानंतर संगमाजवळ पर्यटकांच्या बोटी आणि जलक्रीडा यांची वर्दळ सुरू होते, त्यामुळे तेथील सकाळ लवकर गाठावी आणि नंतर आचऱ्याची खाडी किंवा तोंडवळीकडची शांत पुळण धरावी. उत्तरेकडे विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडी आहे, दक्षिणेकडे रेडीजवळ तेरेखोल. कोकणातले पाणी बहुतेक काळ गढूळ असते, त्यामुळे मासा पाहून फ्लाय टाकण्याची संधी कमी मिळते. येथे जागा वाचून, पाण्याची ओढ पाहून आंधळेपणानेच लाईन टाकावी लागते. मिळणारे मासे म्हणजे लहान ट्रेव्हॅली, टोळ, तांबोशी, नशीब असेल तर जिताडा किंवा रावस. आकार मोठे नसतात. पण चूक झाली तर ती येथे स्वस्तात होते, जेवण उत्तम असते आणि बोलायला मराठी पुरते.

अंदमानात पाणी नितळ आहे. तेथील खेळाची मासेमारी प्रामुख्याने बोटीवरून, मोठ्या जायंट ट्रेव्हॅलीसाठी चालते, पण नील म्हणजे शहीद द्वीप आणि हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप येथे ओहोटीला उघडे पडणारे विस्तीर्ण उथळ भाग पायी फिरता येतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी वेढलेल्या उथळ खाऱ्या सरोवरांत (लगून) बोनफिश, ट्रिगरफिश आणि ट्रेव्हॅली आहेत. मात्र तेथे जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो आणि राहण्याची व्यवस्था मोजकी असल्याने तयारी अनेक महिने आधी सुरू करावी.

परदेशात मालदीव सर्वांत सोयीचे, कारण भारतीयांना तेथे पोहोचल्यावर व्हिसा मिळतो आणि स्थानिक वस्तीच्या बेटांवर साध्या अतिथिगृहांत राहता येते. सेशेल्समधील अल्फॉन्स, सेंट फ्रॅन्सॉइस आणि कॉस्मोलेडो ही नावे फ्लाय फिशिंग करणाऱ्यांच्या तोंडी सतत असतात, पण तेथील आठवड्याचा खर्च ऐकून सीताबर्डीवरची महिन्याची उलाढाल आठवावी, अशी परिस्थिती आहे. ते पहिल्या सहलीचे ठिकाण नव्हे.

नागपुराहून मालवणला कसे पोहोचावे?

नागपूर–मडगाव विशेष गाडी कोकण रेल्वेमार्गे जाते आणि कुडाळला उतरता येते. विशेष गाड्यांची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, त्यामुळे तिथी नक्की झाल्यावर गाडी त्या आठवड्यात आहे ना, याची आधी खात्री करावी. दुसरा पर्याय महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर आणि तेथून घाट उतरून मालवण. तिला वेळ भरपूर लागतो, पण तीन-चार रॉडच्या नळ्या आणि बुटांच्या पिशव्या असतील तर रेल्वेसारखे निर्धोक वाहन नाही. गाडी चालवत जायचे तर वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असा महामार्ग आहे. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे मध्ये एक मुक्काम धरावा. समृद्धी महामार्गाने मुंबईकडे 701 किलोमीटर झपाट्याने जाता येते, पण तळकोकणासाठी तो वळसाच ठरतो. विमानाने गेल्यास गोव्यातील मोपा विमानतळ सिंधुदुर्गाला जवळचा आहे.

रॉड, रीळ आणि लाईन कोणती घ्यावी?

कोकणासाठी आणि बोनफिशसाठी 9 फुटी, आठ क्रमांकाचा, चार तुकड्यांचा रॉड घ्यावा. ट्रिगरफिश किंवा मोठ्या ट्रेव्हॅलीची शक्यता असेल तर दहा क्रमांक, आणि जायंट ट्रेव्हॅलीच्या मागेच जायचे असेल तर बारा. दोन रॉड घेण्याची ऐपत असेल तर आठ आणि बारा. एकच घ्यायचा तर आठ. नऊ क्रमांक दोन्हीकडचे काम करतो असे सांगितले जाते, पण लहान फ्लायसाठी तो जरा आडदांड आणि मोठ्या माशासाठी कमीच पडतो असे माझे मत आहे.

रिळाच्या बाबतीत ब्रेकची यंत्रणा खाऱ्या पाण्यापासून बंदिस्त हवी, आणि त्यावर निदान 200 मीटर बॅकिंग, म्हणजे लाईनच्या मागे जोडलेली राखीव बारीक दोरी, मावले पाहिजे. पैसे वाचवायचे असतील तर ते रॉडमध्ये वाचवावेत, रिळात नव्हे.

लाईनकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि सहल तिच्यामुळेच बिघडते. थंड प्रदेशांसाठी बनवलेली लाईन उष्ण पाण्यात मऊ, लिबलिबीत होते, रॉडच्या कड्यांना चिकटते आणि पुढे सरकत नाही. उष्ण कटिबंधासाठी वेगळा कडक गाभा आणि वेगळा लेप असलेल्या लाईन मिळतात, त्याच घ्याव्यात. त्यांचा उलट त्रास नागपूरकरांना डिसेंबरच्या सकाळी जाणवतो: दहा-बारा अंशांच्या थंडीत अशी लाईन रिळावरून स्प्रिंगसारखी वेटोळी घालत सुटते. ती खराब आहे असे समजून दुकानदाराशी भांडू नये. तिच्या एकेका वावभर लांबीला हाताने ताण द्यावा किंवा ऊन चढेपर्यंत थांबावे.

लीडर, म्हणजे लाईन आणि फ्लाय यांच्यामधली पारदर्शक दोरी, बोनफिशसाठी 9 ते 12 फूट, टोकाला 16 ते 20 पौंडांचा फ्लुरोकार्बन. तांबोशी आणि जिताडा यांच्यासाठी टोकाला 30 ते 40 पौंडांचा जाड तुकडा जोडावा, कारण एकाचे दात आणि दुसऱ्याच्या गालफडाची धार बारीक दोरी कापते. जायंट ट्रेव्हॅलीसाठी सरळ 100 पौंडांच्या वरचा एकच तुकडा बांधतात.

फ्लाय कोणत्या न्याव्यात?

कमी न्याव्यात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाऊझर यांनी नदीतल्या बास माशासाठी बांधलेली क्लाऊझर मिनो ही शिसेरी डोळ्यांची फ्लाय जगातल्या जवळजवळ प्रत्येक किनाऱ्यावर चालते. पांढरी-हिरवी आणि पांढरी-तपकिरी अशा दोन रंगांत, दोन-तीन आकारांत ती असली की कोकणाचे बरेचसे काम भागते. बोनफिशसाठी क्रेझी चार्ली आणि कोळंबीसारख्या दिसणाऱ्या काही लहान फ्लाय, ट्रिगरफिशसाठी खेकड्याची नक्कल. गळ स्टेनलेस किंवा चांगल्या लेपाचे असावेत, आणि प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून घ्यावा. त्यामुळे मासा सुटतो ही भीती अवाजवी आहे. आपल्या कानाच्या पाळीत घुसलेला गळ मात्र तेवढ्यामुळे सहज निघतो.

सराव नागपुरात कोठे आणि कसा करावा?

लाईन फेकण्याच्या सरावाला पाणी लागत नाही, मोकळे मैदान लागते. मागे आणि पुढे प्रत्येकी 20 मीटर मोकळी जागा असलेले, गवत असलेले कोणतेही मैदान चालेल. सिमेंट किंवा मुरमावर लाईनचा लेप खरवडतो. फ्लायऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधावा. अंबाझरी आणि फुटाळ्याच्या काठावर सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे तेथे, विशेषतः गळ बांधून, मागे लाईन उडवणे धोक्याचे आणि असभ्यपणाचेही ठरेल.

सरावाचे लक्ष्य अंतर नसावे. जमिनीवर 10, 14 आणि 18 मीटरवर तीन थाळ्या ठेवाव्यात, कोणीतरी "दोन", "एक", "तीन" असे पुकारावे आणि पुकारल्यापासून जास्तीत जास्त दोन वेळा लाईन मागे-पुढे करून तुकडा त्या थाळीजवळ पडला पाहिजे. किनाऱ्यावर नेमके हेच घडते: मासा अचानक दिसतो, तो चालत असतो, आणि तीन-चार सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो. सुरुवातीला लाईन हातात सैल धरून, फ्लाय चिमटीत पकडून उभे राहायचे आणि तेथूनच सुरुवात करायची, म्हणजे सवय खरी होते. डाव्या हाताने लाईनला दोन्ही दिशांना ओढ देण्याचे तंत्र, ज्याला डबल हॉल म्हणतात, ते निघण्यापूर्वी निदान महिनाभर आधी हातात बसायला हवे, कारण वाऱ्याविरुद्ध दुसरा उपाय नाही.

खऱ्या माशावर हात बसवायचा असेल तर विदर्भातला मरळ उत्तम शिक्षक आहे. तो काठाजवळ असतो आणि चूक माफ करत नाही. मात्र तलावांचे मासेमारीचे हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर तर ढीवर बांधवांची उपजीविका त्यांवर चालते. विचारल्याशिवाय गळ टाकू नये. पेंच व्याघ्र प्रकल्पातील तोतलाडोह जलाशयात मासेमारीला बंदी आहे, तिकडे वळूच नये.

वाऱ्याचे काय करावे?

कोकणात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि पाणी काठाशी गुळगुळीत असते. दहा-अकरानंतर खारे वारे सुरू होतात आणि दुपारी ते वायव्येकडून जोर धरतात. आपला किनारा पश्चिमाभिमुख आहे; म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या उजव्या हाताच्या माणसाच्या उजव्या खांद्यावर हा वारा येतो आणि मागून पुढे येणारी फ्लाय थेट मानेकडे ढकलतो. हे केवळ गैरसोयीचे नाही, जखम करणारे आहे. अशा वेळी समुद्राकडे पाठ करून उभे राहावे आणि मागच्या फेकीतच फ्लाय पाण्यावर सोडावी, किंवा खाडीच्या ज्या काठावर वारा डाव्या बाजूने येईल तो काठ धरावा. डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा नसताना गळ बांधलेली लाईन हवेत उडवूच नये.

कोणता चष्मा चांगला?

पोलराइज्ड, तांबूस किंवा तपकिरी काचेचा, कडेने प्रकाश अडवणारा. राखाडी काच खोल निळ्या पाण्यासाठी ठीक, उथळ वाळूवर ती मासा आणि सावली यांतला फरक पुसून टाकते. टोपीची पुढची पट्टी खालच्या बाजूने गडद रंगाची असावी. मासा शोधताना मासा शोधू नये; वाळूवर सरकणारी सावली, पाण्याच्या पृष्ठभागावरची वेगळी थरथर, शेपटीचे टोक, गढूळ ढग यांवर नजर ठेवावी.

मासा लागतो, पण सुटतो. काय चुकते?

बहुधा रॉड वर उचलला जातो. गोड्या पाण्यात ती सवय चालते. समुद्रात रॉडचे टोक पाण्याकडे, माशाच्या दिशेनेच ठेवून डाव्या हाताने लाईन लांब ओढत राहावी, आणि जड लागले की मगच रॉड उचलावा. फ्लाय नुसती चुकली असेल तर ती माशासमोरच राहते आणि तो पुन्हा झडप घालतो. रॉड उचलला तर ती पाण्याबाहेर गेलेली असते. मासा पळू लागला की पायाशी पडलेल्या सैल लाईनकडे पाहावे, माशाकडे नव्हे. ती बुटाच्या बंदात किंवा कमरेच्या पकडीत अडकली तर सारे संपते.

परवाने आणि बंधने कोणती?

मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात येते. त्या भागापासून दूर राहावे आणि शंका असल्यास वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारावे. अंदमानात वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि राणी झांसी सागरी राष्ट्रीय उद्यान येथे मासेमारी करता येत नाही. इतरत्रही तेथील मत्स्यव्यवसाय विभागाकडे परवान्याची आधी चौकशी करावी. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्यावर पाय देणे टाळावे आणि तुटलेला तुकडाही आठवण म्हणून उचलू नये. मालदीवमध्ये पाहुण्याने निघण्यापूर्वी यजमानाला विचारून त्या बेटाचे नियम समजून घ्यावेत, कारण खासगी रिसॉर्टच्या बेटावर आणि वस्तीच्या बेटावर ते वेगळे असतात.

स्थानिक मच्छीमारांशी कसे वागावे?

रापण सुरू असेल तर लाईन गुंडाळून बाजूला व्हावे. अर्धवर्तुळात सोडलेल्या जाळ्याच्या दोन टोकांना किनाऱ्यावर माणसे ओढत असतात. जाळ्याच्या आत गळ टाकणे म्हणजे त्यांच्या ताटात हात घालणे. बोलावले तर दोर ओढायला हात लावावा, ते आवडते. पाग, म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे, टाकणाऱ्या माणसाच्या पुढे जाऊ नये, तो जिकडे चालला आहे तिकडे पाण्यात पाय आपटू नयेत. या लोकांना "काका, आज पाणी कसे आहे?" एवढे नम्रपणे विचारले तर कोणत्या खाचेत मासा आहे हे कळते, जे कोणत्याही ॲपवर मिळत नाही. एखादा मासा ठेवायचा नसेल तर तो त्यांना विचारून द्यावा.

कोणत्या धोक्यांची तयारी हवी?

सर्वांत मोठा धोका मागून येणाऱ्या भरतीचा असतो. उथळ भाग सर्वत्र सारखा नसतो. आपण उंचवट्यावर घोट्यापर्यंत पाण्यात असताना, काठाकडे जाण्याच्या वाटेवरची चर कमरेएवढी भरलेली असते. ओहोटीला पुढे जाताना अशा चरा पाहून ठेवाव्यात, आणि भरती सुरू झाल्यावर दीड तासात त्या ओलांडून परत यावे. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर लाटांकडे पाठ करू नये.

वाळूत पाकट अर्धवट गाडून बसलेले असते. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे, म्हणजे ते बाजूला सरकते. काटा लागलाच तर जखम धुऊन, सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवावा आणि रुग्णालय गाठावे. काटा खोल रुतला असेल तर ओढून काढू नये. कातळावरची कालवे चपलेतून पाय कापतात, म्हणून जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूटच घालावेत.

मगरींचा विषय हसण्यावारी नेऊ नये. अंदमानच्या कांदळवनांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये हॅवलॉक येथे एका पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. तेथील खाड्यांच्या मुखाशी, विशेषतः संध्याकाळी, पाण्यात उतरू नये. चिपळूणजवळच्या वाशिष्ठीतही मगरी आहेत. नागपूरच्या उन्हाची सवय आहे म्हणून पाण्याची बाटली कमी नेणारेही भेटतात. दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही, त्यामुळे पस्तीस अंशांचे कोकण त्रेचाळीस अंशांच्या विदर्भापेक्षा लवकर थकवते.

विमानात सामान कसे न्यावे?

गळ, फ्लाय, पकड आणि चाकू चेक-इन सामानातच जातात. चार तुकड्यांच्या रॉडची नळी 75 ते 80 सेंटीमीटरची असते. ती मोठ्या बॅगेत तिरकी बसत असेल तर सर्वांत उत्तम. रीळ हातातल्या सामानात नेता येईल का, हे सुरक्षा कर्मचाऱ्याच्या निर्णयावर असते, त्यामुळे वाद घालण्याइतका वेळ हाताशी ठेवू नये. सरळ चेक-इन बॅगेत टाकावे.

वाटाड्या घ्यावा का?

परदेशात आणि अंदमानात पहिले दोन दिवस जरूर घ्यावा. कोकणात फ्लाय रॉड हाताळणारा वाटाड्या मिळणे कठीण, पण गळाने गरवणारा जाणकार मिळतो आणि तोच अधिक उपयोगी. त्याच्याशी पैशाचे आधी स्पष्ट बोलावे आणि त्याला फ्लायची पेटी दाखवावी. तो हसेल, आणि मग त्यातली एखादी उचलून "ही चालेल" म्हणेल.

मासा खावा की सोडावा?

बोनफिश, ट्रिगरफिश आणि मोठ्या ट्रेव्हॅली सोडून द्याव्यात. सोडायचा मासा पाण्याबाहेर काढू नये. हात ओले ठेवावेत, गळ पाण्यातच काढावा, आणि तो स्वतः शेपटी मारेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून धरावा. कोकणातला खाण्याजोगा एखादा मासा ठेवण्यास माझी हरकत नाही. प्रवाळबेटांवरचे मोठे शिकारी मासे मात्र स्थानिकांना विचारल्याशिवाय खाऊ नयेत, कारण त्यांच्या मांसात सिग्वाटेरा नावाचे विष साठलेले असू शकते आणि ते शिजवून नाहीसे होत नाही.

नागपुरात परतल्यावर सामान कसे ठेवावे?

रोज संध्याकाळी मुक्कामावरच रॉड, रीळ आणि पकड गोड्या पाण्याने हलकेच धुवावे. जोराच्या धारेने मीठ रिळाच्या आत ढकलले जाते. घरी आल्यावर लाईन कोमट साबणपाण्यातून काढून स्वच्छ पुसावी, कारण सनस्क्रीन आणि डास पळवणारी मलमे तिचा लेप खातात. रॉडच्या नळीत ओला रॉड बंद करून ठेवू नये. बूट सावलीत वाळवावेत. आणि एप्रिल-मेमध्ये यातले काहीही गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये: तळव्याचा डिंक सुटतो, लाईन एकमेकींना चिकटते, आणि हे सारे डिसेंबरात निघण्याच्या आदल्या रात्री लक्षात येते. पलंगाखालची कोरडी जागा पुरेशी आहे. लाईन रिळावरून काढून मोठ्या वेटोळ्यात, सैल बांधून ठेवावी आणि त्यावर तिचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लावावी.